आधी जेवून घ्या

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून धसकू नकोस. मी धडधाकट आहे, नोकरी चालू आहे आणि कुणाशी भांडलेलीही नाही. हे सगळं फोनवर सांगायला घेतलं असतं, तर पहिल्याच वाक्याला तू विचारलं असतंस, आवाज असा का येतोय, सर्दी झालीय का, आणि मग आपलं बोलणं त्या सर्दीतच संपलं असतं. कागदाचं बरं असतं, तो मधे बोलत नाही. तेव्हा हातातलं काम उरकून घे, चष्मा शोध (डोक्यावर चाचपून बघ आधी) आणि निवांत बसून वाच.

मी इथे काय काम करते ते तू लोकांना नीट सांगत नाहीस, हे मला ठाऊक आहे. ‘ती तिकडे मेडिकलमध्ये आहे’ एवढंच म्हणतेस. अगं, कवळ्या करते मी, सांग की सरळ. खिडकीलगतच्या लांब टेबलाशी आम्ही चौघीजणी बसतो. समोर लोकांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे, एक बारीक ज्योत, मेण, कानशी आणि दातांचे डबे. दातांमध्येसुद्धा इतके रंग असतात हे इथे येईपर्यंत मला माहीत नव्हतं. माझ्या हातचं हसू तोंडात घालून कितीतरी म्हातारे या शहरात हिंडतात आणि मी त्यांतल्या एकालाही ओळखत नाही. या कामाला हात स्थिर लागतो. आणि गेल्या वर्षी माझे हात थरथरायला लागले.

आई गेली त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. सकाळची वेळ, मी मेणात दात बसवत होते आणि भिंतीवरचा कामाचा फोन वाजला. तो रोजच वाजतो. त्या दिवशी मात्र छातीत अशी धडधड सुरू झाली की मला वाटलं, संपलं. बोटं बधिर झाली, हातातला साचा खाली पडून त्याचे दोन तुकडे झाले. आमची प्रमुख उंच, सडपातळ, ताठ, म्हणून मी मनातल्या मनात तिला फूटपट्टी म्हणते. तिनेच मला गाडीत घालून इस्पितळात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय उत्तम, रक्त उत्तम. डॉक्टर म्हणाले, ही चिंता आहे, आणि त्यांनी मला समुपदेशकाकडे पाठवलं.

तुला यातलं काही बोलले नाही. रविवारी तू विचारायचीस, कशी आहेस, मी म्हणायची, मजेत. तोवर मजेची गत अशी झाली होती की घरी फोन टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवायची, आणि तो वाजला तर ऐकू येणार नाही म्हणून पुन्हा काढून उशाशी घ्यायची. बसमध्ये कुणा परक्या माणसाचा फोन वाजला तरी मी पुढच्याच थांब्यावर उतरायची. दिवसातून कितीदा तरी वाटायचं, आत्ता घरी काहीतरी झालंय आणि मला सोडून सगळ्यांना ते माहीत आहे.

पहिला समुपदेशक तरणा होता, मनाने चांगला. त्याच्या खोलीत मऊ खुर्च्या, कोपऱ्यात एक झाड, हाताशी कागदी रुमालांचा डबा. मी त्याला सगळं सांगितलं. आईला ताप आहे एवढंच मला कळवलं होतं. मी आईशी बोलायचे तेव्हा तिचा आवाज खोल गेलेला असायचा आणि ती म्हणायची, आत्ताच झोपून उठले गं. तुला विचारलं की तू म्हणायचीस, सगळं ठीक आहे. आणि मग एका दुपारी भावजींचा फोन आला, मी कामावर असताना. विमान पकडून पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं. तूच म्हणालीस, आता धावपळ करून येऊ नकोस. त्या मुलाने हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, तुमच्या घरच्यांनी तुमची फसवणूक केली आहे, तुमचा राग त्यांना बोलून दाखवा. घरी दर रविवारी फोन कशाला करता? अंतर ठेवा, आधी स्वतःचं बघा.

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याच्या घरात ते असंच असेल. मी आज्ञाधारकपणे अंतर ठेवायला घेतलं. आठवतं ना, एक आठवडा मी फोनच केला नाही? तू माझ्या घरमालकिणीचा नंबर कुठून पैदा केलास देव जाणे, आणि तुझ्या त्या मोडक्यातोडक्या परक्या भाषेत तिला सांगितलंस, ‘माय सिस्टर, ओपन डोअर.’ ती बिचारी पोलिसांनाच बोलवायला निघाली होती. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेचना. त्या आठवड्यात माझी झोप पार उडाली होती. घराकडून मला सुटायचं नव्हतंच गं. मला घर जवळ हवं होतं आणि त्याची भीतीही वाटत होती, हे त्या मुलाला मला समजावता आलं नाही.

मग फूटपट्टीने एक समुपदेशक बाई शोधून दिली. ही वयाने आईपेक्षा थोडी लहान, केस पिकलेले, पायात सपाता. तीही कुठून तरी लांबून इथे आलेली, पण आपल्या बाजूची नव्हे. तिची खोली एका शिवणकामाच्या दुकानाच्या वर आहे, खाली मशीन चालू असलं की जमीन हलकेच थरथरते. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, ‘या त्रासाला तुमच्या घरी काय म्हणतात?’ मी इथला शब्द सांगितला. ती म्हणाली, तो मला माहीत आहे, तुमचा सांगा. तुमच्या भाषेत बोला, मला कळलं नाही तरी चालेल. आणि ताई, मी बोलायला लागले. म्हटलं, जीव खालीवर होतो. काळजात धस्स होतं. हातपाय गळतात. जीव टांगणीला लागलेला असतो. उगीचच धाकधूक, उगीचच हुरहूर, नुसती घालमेल. मला थांबताच येईना. इतके दिवस त्या एका परक्या शब्दात कोंबून ठेवलेलं सगळं आपापल्या नावाने बाहेर आलं. मग एकेकाचा अर्थ सांगताना माझ्या ध्यानात आलं की धस्स होणं वेगळं आणि हुरहूर वेगळी. धस्स फोन वाजला की होतं. हुरहूर आईची आहे.

तिने मला सांगितलं, श्वास सोडताना सावकाश आकडे म्हणा. मी इथल्या भाषेत म्हणून बघितले, काही उपयोग नाही, डॉक्टरसमोर रांगेत उभं राहिल्यासारखं वाटायचं. तिने विचारलं, लहानपणी आकडे कसे शिकलात? मी म्हटलं, ओरडून. मग तिला आपले पाढे म्हणून दाखवले. तू पुढे, मी मागे, बाबा दाढी करता करता ऐकायचे आणि चुकलं की वाटीवर ब्रश आपटायचे. आता मी श्वास घेताना मनात ‘सतरा एके सतरा’ म्हणते आणि सोडताना लांबवून ‘सतरा दुणे चौतीस’. सतरा सत्ते आलं की तू कायम अडकायचीस आणि खोकल्याचं सोंग करायचीस. तिथे मला हसू येतं, आणि हसता हसता श्वास मोकळा होतो. हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, मग तिथे मुद्दाम थांबत जा.

पुढे तिने मला फोनशी पुन्हा ओळख करून घ्यायला लावली. मी तिच्या खोलीत बसायचे, माझा फोन समोर टेबलावर, आणि ती शेजारच्या खोलीत जाऊन मला फोन लावायची. पहिले काही दिवस नुसता वाजू द्यायचा आणि बघत बसायचं. मग हातात घ्यायचा. मग उचलायचा. आणि पलीकडून ती काय बोलायची? तिच्या मांजराच्या तक्रारी. माझं वय काय, हुद्दा काय, आणि मी भिंतीपलीकडच्या बाईशी मांजरावर गंभीरपणे बोलतेय! कुणी पाहिलं असतं तर वेडात काढलं असतं. पण हळूहळू धडधड यायची आणि ओसरायची, ती ओसरते हे मला पटायला लागलं.

मग एक दिवस तिने विचारलं, ‘तुमच्या घरी वाईट बातमी कशी सांगतात?’ मी म्हणाले, सांगतच नाहीत, लपवतात, तोच तर माझा आजार. ती म्हणाली, नेहमीच असं होतं का? एखादी आठवून बघा. आणि मला मामा गेला तो दिवस आठवला. आई तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांचे ट्रंककॉल जोडायची. मामाची बातमी तिच्याच बोर्डावर आली, तिच्या भावाची बातमी तिच्याच कानात. तरी तिने कामाची पाळी पुरी केली. घरी आली, पदर खोचला, स्वयंपाक केला. आपण दोघी शाळेतल्या कुठल्याशा भांडणावर बोलत होतो. बाबांनी विचारलं, आज गप्प का, तर म्हणाली, आधी जेवून घ्या. आपण जेवलो, तू दुसऱ्यांदा भात मागून घेतलास. ताटं उचलली गेली, आईने हात पुसले, आपल्या दोघींना एकेका बाजूला घेऊन खाली बसली आणि मग सांगितलं. वर एवढंच म्हणाली की दिवसभर ती वायरवरून बातम्या ऐकते, पलीकडच्या माणसाला धरायला तिथे कुणी नसतं. आपल्या घरी असं करायचं नाही.

हे सांगता सांगताच मी थांबले. आजारात आईने तुला काय बजावलं होतं ते तू मला मागे एकदा सांगायला लागली होतीस, आणि मी विषय बदलला होता. ‘तिला कळवू नकोस, तिथे तिला धरायला कोण आहे?’ असंच काहीसं ना? तू आईचा शब्द पाळलास. आईला न्हाऊमाखू घालायचं, औषधं द्यायची, आणि रविवारी आवाज सारखा करून माझ्याशी हसत बोलायचं. तुला धरायला कोण होतं गं तेव्हा?

मी खूप रडले. बाईने घाई केली नाही. खालचं मशीन चालू होतं. रडं ओसरल्यावर ती म्हणाली, ‘घरच्यांची माया खरी आहे आणि तुमचं दुखणंही खरं आहे. दोन्हींतलं एक खोटं ठरवायला मी बसलेली नाही.’ मग विचारलं, आता तुम्हाला काय हवंय? मी म्हटलं, मला वेळेवर कळायला हवं. ती म्हणाली, मग ते मागायची तुमच्या घरी रीत काय? मी म्हटलं, रीत नाही, धाकट्यांनी असं काही मागायचं नसतं. ती म्हणाली, मग पाडा की एखादी.

हात आता बरेच स्थिर आहेत. पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही. फोन वाजला की अजून क्षणभर काळीज हलतं, पण मी तो उचलते. गेल्या रविवारीही उचलला. तुझा म्हणून उचलला, तर भावजी होते, तू बाहेर गेली होतीस. ताई, त्यांच्यावर रागावू नकोस. तू त्यांना शपथ घातली होतीस, पण त्यांना एकट्याने झेपेना, त्यांचा आवाज फुटला आणि त्यांनी मला तुझ्या छातीतल्या गाठीचं सांगितलं, ऑपरेशनची तारीखही सांगितली. मी खुर्चीत बसून सगळं ऐकलं, डॉक्टर काय म्हणाले ते दोनदा विचारून घेतलं. म्हणून हे पत्र. तुला फोनवर मला काही सांगावं लागू नये, आवाज सारखा करावा लागू नये. रजा मंजूर झाली आहे, तिकीट हातात आहे, तारखेच्या आधी मी तिथे आहे. यापुढे मला सगळं सांगायचं, पहिल्याच दिवशी. मी घाबरत घाबरत ऐकेन, पण ऐकेन. आणि आतल्या खोलीत आपलं दोघींचं अंथरूण घाल. लहानपणी भिंतीकडच्या बाजूसाठी मी तुझे केस ओढायची. या वेळी ती बाजू तू घे. मी कडेला झोपते, तुला काही लागलं तर उठायला मला सोपं पडेल.

तुझीच,
भिंगरी