‘बघू’चा रकाना

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पोचले! गाडी वेळेवर आली, सामान शाबूत आहे, डोकं मात्र अजून ठिकाणावर आलेलं नाही. फोन केला असता, पण दुकानातल्या फोनवर मी बोलायला लागले की गिऱ्हाइकंही कान टवकारतात. शिवाय तू अर्धा वेळ ‘आवाज येतोय का’ एवढंच विचारतेस. म्हणून पत्र.

परिषदेच्या दारातच टेबलामागच्या बाईंनी गळ्यात अडकवायला नावाची पट्टी दिली. नावाखाली चक्क ‘संशोधक’ असं छापलंय. मी म्हटलं, काहीतरी चूक झालीय, मी नुसती पदवीधर आहे. त्या म्हणाल्या, निबंध वाचणार आहेस ना, मग संशोधकच. पुढे सरक, मागे रांग लागलीय. आत्या, ती पट्टी मी फक्त आंघोळीपुरती काढते.

सकाळी दोन प्राध्यापक एकमेकांच्या अंगावर धावून जायचेच बाकी होते. एकाचं म्हणणं, माणूस मत देतो ते उमेदवाराकडे पाहून. दुसऱ्याचं म्हणणं, छे, शेजाऱ्याकडे पाहून. मला वाटलं, आता यांचं तोंड पुन्हा एकमेकांना दिसणार नाही. तर दुपारी दोघे एकाच टेबलावर बसून एकमेकांकडे मीठ सरकवत होते. इतकं भांडूनही जेवता येतं, हे बघूनच मला केवढा आनंद झाला!

माझा विषय तुला नीट सांगितलाच नव्हता. गेल्या निवडणुकीआधी मी घरोघरी प्रश्न विचारत फिरत होते, आठवतं ना? कागदावर रकाने होते: या उमेदवाराला, त्या उमेदवाराला, मत देणार नाही, ठरलेलं नाही. आणि लोक म्हणायचे काय? बघू. बघू म्हणणाऱ्याला ‘ठरलेलं नाही’ या रकान्यात टाका, अशी आम्हाला सूचना होती. मीही निमूट टाकत गेले. मग एक दिवस डोक्यात प्रकाश पडला. मी ज्या घरात वाढले तिथे ‘बघू’चा अर्थ ‘ठरलेलं नाही’ असा कधीपासून झाला? सायकल मागितली, बाबा म्हणाले बघू. सहलीला जाऊ का, बघू. मांजर पाळूया का, बघू. यातलं काय आलं? मांजरसुद्धा आलं नाही! म्हणून निवडणूक झाल्यावर मी त्याच घरांत पुन्हा गेले. बघू म्हणणाऱ्या बहुतेकांचं आधीच पक्कं ठरलेलं होतं. मी कुणाच्या तरी बाजूची असेन असं त्यांना वाटलं आणि माझ्या तोंडावर नाही म्हणायचं जिवावर आलं, एवढंच. म्हणजे अंदाज चुकतात ते लोक खोटं बोलतात म्हणून नाही, ते भिडस्त असतात म्हणून!

परवा हे सगळं मोठ्या मोठ्या माणसांपुढे वाचायचंय. आणि हो, उदाहरण म्हणून निबंधात बाबांना घातलंय. नाव नाही, नुसतं ‘फ्रेमचं दुकान असलेले एक गृहस्थ’. बाबांना सांगू नकोस.

परिषदेनंतर इथेच महिनाभराचा अभ्यासवर्ग आहे, तेव्हा पत्रं याच पत्त्यावर पाठव. लोभ तुझा आहेच; परवा ऐनवेळी माझा आवाज बसू नये, एवढं मनात म्हण.

तुझी
भिंगरी


७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र दुकानात आलं तेव्हा दादा काच कापत होता. त्याचे हात गुंतलेले, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवलं. ‘बाबांना सांगू नकोस’ ही ओळ आली तोवर त्याला सगळं सांगून झालं होतं. अशी वाक्यं माणसानं पत्राच्या सुरुवातीला लिहावीत. एवढी शिकलीस, तुला हे कळू नये?

 दादाची काच वाकडी कापली गेली. मग म्हणाला की मांजर आणलं नाही ते दुकानात उभ्या ठेवलेल्या काचांमुळे, आणि हेही निबंधात लिहायला हवं होतं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. लग्नाचा फोटो शुक्रवारपर्यंत होईल का, असं विचारलं. दादानं तोंड उघडलं, मिटलं, माझ्याकडे पाहिलं आणि चक्क म्हणाला, शुक्रवारी या. तेव्हापासून तो शब्द जिभेवर आला की गिळतो आणि मागेल त्याला मागेल तो वार देऊन टाकतो. तुझ्या संशोधनापायी आमची कंबर मोडायची वेळ आलीय.

हेडमास्तरांचा निरोप होता. शाळेच्या कचेरीतली जागा ते महिनाअखेरपर्यंत तुझ्यासाठी धरून ठेवतायत. तू येतेच आहेस, असं दादानं त्यांना छाती फुगवून सांगितलंय.

निबंध कसा झाला ते सविस्तर लिही, पण पट्टी घालून झोपू नकोस, दोरी गळ्याला काचेल. तुझ्यावर जीव आहे म्हणून बोलते, नाहीतर मला काय पडलंय?

तुझी
आत्या


८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून यायचंय, पण मला दम धरवत नाही. झाला! निबंध झाला!

माझ्या वाट्याला टोकाची छोटी खोली आली होती. ऐकायला वीसेक माणसं, त्यातली दोन चुकून शिरलेली. पहिलं पान मी एका दमात वाचून टाकलं. मग मांजरापाशी आले आणि खोली हसली! आत्या, हसली म्हणजे मनापासून हसली. चुकून शिरलेले दोघेही उठायचे थांबले. वाचून झाल्यावर एक गृहस्थ म्हणाले की आमच्या भाषेत असाच एक शब्द आहे. लगेच दुसऱ्यांना त्यांच्या भाषेतला आठवला, तिसऱ्यांना त्यांच्या सासऱ्यांचा आठवला. दहा मिनिटं सगळे आपापल्या घरातला ‘बघू’ सांगत होते. आपल्या घरातला एवढासा शब्द, आणि त्याला जगभर भावंडं निघाली!

मग अध्यक्षबाईंनी विचारलं. केस पांढरे, बोलणं हळू, पण प्रश्न असा की माझं पाणी पाणी झालं. त्या म्हणाल्या, समोरच्याला नाही म्हणवत नाही हे तू दाखवलंस. पण नाही म्हणणं ज्याला सोपं जाईल असा प्रश्न तू कधी विचारून पाहिलास का?  नाही विचारला, असं मी कबूल केलं आणि खाली बसले. वाटलं, संपलं.

आणि चहाच्या वेळी त्यांनीच मला कोपरापाशी धरून खिडकीकडे नेलं. त्या इथूनच दोन वर्षांचा एक अभ्यास सुरू करतायत, शहरोशहरी जाऊन. ‘बघू’ला त्यात स्वतंत्र रकाना असेल. त्यांना मदतनीस हवी आहे. पगार, राहायची सोय, आणि पुढे शिकायचं तर त्या शिकवतील. येशील का, म्हणाल्या.

आता सांग, या एवढ्या मोठ्या क्षणी तुझी भाची काय म्हणाली असेल? मी म्हणाले, बघू.

बाई इतक्या हसल्या की त्यांचा चहा सांडला. तुझ्याच निबंधाप्रमाणे हा नकार समजू का, असं विचारलं. मी घाईघाईने सांगितलं की नाही नाही, घरी विचारते. महिनाअखेरपर्यंत त्या थांबतील.

आत्या, मला पंख फुटल्यासारखं झालंय. पण शाळेतल्या जागेचं बाबांनी किती मनावर घेतलंय तेही मला ठाऊक आहे. आपल्या घरात पहिल्यांदा कुणी कचेरीत खुर्चीवर बसणार, असं ते गल्लीभर सांगत होते. तूच विचार त्यांना. चहा झाल्यावर विचार, आणि हातात काच नसताना.

तुझ्या धाकात राहणारी, तरी लाडाची
भिंगरी


१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उ. आ.

विचारलं. चहा झाला होता, हात रिकामे होते. तुझं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. खोली हसली तिथे तोही हसला. बाईंचं बोलणं आलं तसा गंभीर झाला. मग म्हणाला, बघू. आणि डिंकाची बाटली शोधायला आत गेला. बाटली त्याच्या समोरच होती.

एवढे दिवस गिळलेला शब्द नेमका इथे बाहेर पडला. तुझा निबंध खरा ठरला म्हणून मला आनंद व्हायला हवा, पण झाला नाही.

माझं विचारशील तर जा. डोळे मिटून जा. मी हे दादालाही सुनावलं. तो म्हणाला, तुला कुणी विचारलंय? मग मी दुकानात येईल त्याला सांगत सुटले.

रडत बसू नकोस. रडलीस तर पोटभर जेवून रड. माया पातळ न करणारी,

तुझी
आत्या


१५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला मी हे पहिलंच पत्र लिहितेय. आजवर आत्याच्या पत्रात ‘बाबांना नमस्कार’ एवढ्यावर भागवत आले. त्यातून तुमची गंमत भरसभेत सांगितली, तीही तुम्हाला न विचारता. लोक तुमच्यावर नाही, स्वतःच्या घरांवर हसले, पण विचारायला हवं होतं हे खरं.

आत्यानं तुमचं उत्तर कळवलं. पहिल्या दिवशी मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवलं की वाईट प्रश्न कोणता, तर ज्याचं एक उत्तर दिलं की विचारणाऱ्याचं मन मोडतं तो. मी वहीवरून मान वर केली ती तशीच राहिली. बाबा, मी जन्मभर तुम्हाला असेच प्रश्न विचारले. डोळ्यांत पाणी आणून, फ्रॉकचं टोक पिळत. या वेळी तर स्वतः विचारायचं धाडसही झालं नाही, आत्याला पुढे केलं. चूक उत्तरात नव्हती, प्रश्नात होती.

आणि मी तरी कुठे सरळ बोलते? बाईंना मीही बघू म्हणाले. तुमचीच मुलगी! म्हणून आधी माझं सांगते. मला जायचंय. खूप जायचंय. लोकांना खरोखर काय वाटतं ते नीट विचारता यावं, नीट ऐकता यावं, यासारखं दुसरं काम मला दिसत नाही. लोकांचं मत म्हणून जे मोजलं जातं ते त्यांचंच असावं, एवढं एक जरी माझ्या हातून झालं तरी शिकल्याचं चीज होईल.

आता प्रश्न. मी दोन वर्षं इथे राहावं असं तुम्हाला वाटतं का? वाटत असेल तर हो लिहा, नसेल तर नाही लिहा. नाही आलं तर मी रुसणार नाही, अबोला धरणार नाही, आत्याकडून रदबदली करवणार नाही. तुम्हाला काय वाटतं ते मला एकदा तुमच्याकडूनच कळलं पाहिजे.

तुमच्या उत्तरावर, ते कसंही असलं तरी, माया करणारी
भिंगरी


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. आत्याला दिलं नाही, ती मोठ्याने वाचते.

प्रश्न सरळ आहे, तर उत्तरही सरळ देतो. नाही. तू दोन वर्षं तिकडे राहावंस असं मला वाटत नाही.

कारणं तू विचारली नाहीस, तरी लिहितो. संध्याकाळी दुकानात शिरून दिवसभराचं सगळं एका दमात सांगणारं कुणी नाही. तुझी आई गेल्यापासून त्या बडबडीवरच दुकान चाललंय, गिऱ्हाइकांवर नव्हे. शाळा दोन गल्ल्यांवर आहे. तिथे तू मधल्या सुट्टीत आली असतीस. आणि तिकडची मोठी माणसं बघून तू परत येशील ती आमच्या चौकटीत मावणार नाहीस, ही भीती वेगळीच. हे मी कुणापाशी बोललेलो नाही.

लहानपणी तू काही मागायचीस तेव्हा तुझा चेहरा असा व्हायचा की नाही म्हटलं असतं तर आधी मीच रडलो असतो. म्हणून बघू म्हणायचो. वाटायचं, तेवढीच आजच्या दिवसापुरती पोरीला आशा. ती आशा तू नकार म्हणून मोजत होतीस, हे मला तुझ्या निबंधावरून कळलं. चांगला आहे निबंध.

आता निकालाचं. तू मत विचारलंस, ते दिलं. पण या घरात मतं तीन आहेत. तुझं हो आहे, ते तू लिहिलंस. आत्याचं हो आहे, ते आता गल्लीत सगळ्यांना पाठ झालंय. माझं नाही. दोन विरुद्ध एक. निवडणुकीचा अभ्यास करणाऱ्या मुलीच्या बापानंच निकाल मानला नाही, तर इतरांनी का मानावा? मी हरलो. हेडमास्तरांकडे सकाळीच जाऊन आलो. सांगितलं की जागा दुसऱ्या कुणाला द्या, आमची मुलगी संशोधक आहे. हे सांगताना हरल्यासारखं वाटलं नाही, पण ते जाऊ दे.

बाईंना आजच हो कळव. तो दुसरा शब्द वापरू नकोस.

निकाल मानला म्हणजे मत बदललं, असं मात्र कुठल्या निबंधात लिहू नकोस. माझं नाही ते नाहीच. मी विरोधी बाकावर बसलोय. दोन वर्षांनी या घरात पुन्हा मतदान होईल, आणि तोवर आत्याला फोडायचे माझे प्रयत्न चालू राहतील.

मत वेगळं, लोभ वेगळा. लोभ सगळा तुझाच.

तुझे
बाबा