माझ्या पश्चात तिने कोणाच्या गाडीत बसावे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मालवाहतूक, आज माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून, सकाळचा चहा झाल्यावर, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही असे डॉक्टर म्हणतात. पण झडपेचा डोक्याशी संबंध नाही, हे मी त्यांच्याच तोंडून वदवून घेतले आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी मागे बसून कपड्यांच्या घड्या घालते आहे आणि अधूनमधून कागदात डोकावते आहे, त्याला दडपण म्हणू नये.

कलम पहिले. राहते घर माझ्या स्वकष्टाचे असून ते माझ्या पश्चात पत्नीचे. आतल्या भांड्याकुंड्यांवर माझी सत्ता कधी नव्हतीच, तेव्हा ती सोडण्याचा प्रश्न येत नाही.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक पत्नी आणि मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. मालाच्या खेपांना ट्रक हल्ली मुलगीच नेते. ती उत्तम चालवते, हे मी तिला तोंडावर सांगितलेले नाही. इथे वाचून कळेल.

कलम तिसरे. पान्यांचा संच आणि ग्रीसगन मुलीची. मोठा जॅक गॅरेजवाल्या मिस्त्रीचा, कारण तो असाही त्याच्याकडेच पडून असतो. यातली एकही वस्तू साडूंना उसनीसुद्धा देऊ नये. साडू म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याकडे एसयूव्ही आहे. तिच्यात अवजारांसाठी खास कप्पा आहे आणि त्या कप्प्यात ते छत्री ठेवतात.

कलम चौथे. ट्रक. खरे तर सगळा खटाटोप याच कलमासाठी आहे; वरची कलमे हात मोकळा व्हावा म्हणून लिहिली.

माझा ट्रक लहान आहे. पुढे चालकाशेजारी दोघांची जागा. लग्न झाल्यापासून पत्नी त्यातूनच फिरायची, खिडकीवर कोपर टेकवून, आणि समोरून चुकीचा येणाऱ्याला माझ्याआधी नावे ठेवायची. पुढे साडूंनी ती काळ्या काचांची, चकचकीत चाकांची गाडी घेतली, आणि थोड्याच दिवसांत ही त्यांच्या गाडीत जाऊ लागली. बाजारात, दवाखान्यात, लग्नाकार्यांत, सगळीकडे. ताई आणि ही मागे बसतात, साडू पुढे ऐटीत, आणि मी त्यांच्या मागच्या दिव्यांकडे बघत रिकामा ट्रक हाकतो. मला याचा मत्सर वाटतो. शब्द स्पष्ट लिहिलेला बरा. मेल्यावर ही कायमची त्या गाडीत बसणार, या विचाराने मला झडपेपेक्षा जास्त त्रास होतो.

आणि गाडी तरी कसली? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. रविवारी सकाळी मिस्त्रीच्या गॅरेजसमोरच्या बाकावर आम्ही गाडीवाले जमतो. प्रत्येकाने बॉनेट उघडायचे आणि आठवड्यात काय बिघडले ते सांगायचे, असा आमचा रिवाज आहे. साडूंची पाळी आली की सगळे सरसावून बसतात.

"या खेपेला काय झालं?" मिस्त्री विचारतो.

"सेन्सर. समोर भिंत नसताना भिंत आहे म्हणून ओरडते."

"आणि तुमचं काय?" तो माझ्याकडे वळतो.

"काही नाही."

झाले. मंडळी उठतात आणि एसयूव्हीभोवती गोळा होतात. कोणी काच चोळून बघतो, कोणी सीटवर बसून बघतो. सतत बिघडणाऱ्या गाडीचे इतके लाड, आणि जिने मला रस्त्यात कधी उभे केले नाही तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

त्यांची गाडी नवी होती तेव्हाच्या अशाच एका रविवारी साडू सर्वांदेखत म्हणाले, "साडूभाऊ, तुमची गाडी दणकट आहे हो, पण बुटकी दिसते."

मी दुसऱ्याच दिवशी ट्रक मिस्त्रीकडे नेला. गाडी उंच व्हावी म्हणून चारी चाकांवर स्प्रिंगचे जादा कमानपाटे घालायला लावले, मोठे टायर चढवले, आणि दाराखाली लोंबणारे पायदान शोभेत बसेना म्हणून तेही काढायला लावले. मिस्त्री म्हणाला, "माल तेवढाच नेणार, मग एवढे पाटे कशाला? खड्ड्यात उधळेल गाडी." मी म्हणालो, उधळू दे. पुढच्या रविवारी साडूंना माझ्या ट्रककडे मान वर करून बघावे लागले. ते "वा" म्हणाले. तो "वा" मी आजवर जपला आहे.

तरी, ट्रक माझ्या पश्चात पत्नीच्या मालकीचा राहील आणि मुलगी तो चालवील. मात्र पत्नीने कोठेही जाताना ट्रकमधूनच जावे. ती साडूंच्या एसयूव्हीत एकदा जरी बसली, तरी तिचा ट्रकवरील हक्क संपुष्टात येईल.

इथवर लिहिले आणि खांद्यावरून आवाज आला.

"अहो, हे काय लिहिलंय?"

"अट आहे."

"मला ट्रक देताय आणि वर म्हणताय त्यातच बस. बसू कशी?"

"त्यांच्या गाडीत बसतेस तशी. दार उघडून."

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "माझा पाय एवढा वर जातो," ती म्हणाली आणि गुडघ्याच्या बरेच खाली हात धरला. "तुमच्या ट्रकमध्ये पाऊल टाकायचं इथं," आणि तोच हात कमरेला लावला. "भाऊजींच्या गाडीला पायरी आहे. बाकी काही नाही."

"बाकी काहीच नाही?"

"त्या एसीत मला शिंका येतात. आणि सेन्सर ओरडला की भाऊजी मला गप्प बसवतात."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. तुम्ही म्हणालात, उंच किती छान दिसते बघ."

मला ते आठवत नाही, पण वाक्य माझेच वाटते. इतकी वर्षे मी त्या गाडीच्या रंगावर जळलो, काचांवर जळलो, चाकांवर जळलो. पायरीवर एकदाही जळलो नाही. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. मी तो हिच्या पायावर पाडला.

सबब कलम चौथे रद्द. त्याऐवजी असे वाचावे: ट्रक पत्नी आणि मुलगी या दोघींचा, अट कोणतीही नाही. जादा पाटे उतरवावेत. टायर पूर्वीच्या मापाचे घालावेत. जुने पायदान मिस्त्रीच्या माळ्यावर आहे, ते परत बसवावे, आणि ते साडूंच्या पायरीपेक्षा दोन बोटे रुंद भरते का हे मोजून घ्यावे. ट्रक पुन्हा बुटका दिसेल. साडू तसे बोलले तर बोलू द्यावे. या कामासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

साक्षीदारांविषयी. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकिलांनी सांगितले. त्या हिशेबाने साडूंइतका लायक साक्षीदार मला सापडला नाही. दुसरा साक्षीदार मिस्त्री; पण साक्षीपायी त्याला जॅक सोडावा लागला असता, म्हणून कलम तिसऱ्यातून जॅक वगळला. तो मी त्याला आजच हाताने दिला.

शेवटचे कलम, हे रविवारी गॅरेजसमोरच्या बाकावर बसून लिहीत आहे. ट्रक आता खाली आला आहे. पत्नी कोणाचा हात न धरता चढली आणि खिडकीवर कोपर टेकवून बसली, हे मी या बाकावरून पाहिले. साडूंची गाडी सेन्सरसाठी सर्व्हिस सेंटरला असल्याने त्यांनाही आम्हीच घरी सोडणार आहोत. मुलगी चालवील, खिडकीशी पत्नी, मध्ये मी. साडूंनी मागे हौद्यात बसावे. माझ्या पश्चात मधली जागा रिकामी होईल, पण तिथेही साडूंनी बसू नये. तिथे तिने आपली पिशवी ठेवावी.

ठिकाण: मिस्त्रीच्या गॅरेजसमोरचा बाक.
दिनांक: पाटे उतरवले तो रविवार.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला, मिस्त्री: (सही, आणि अंगठ्याचे ग्रीस)

साक्षीदार दुसरे, साडू: (सही. हौद्याबद्दलचा मजकूर वाचून, समजून आणि नाखुशीने केली.)