तुमच्या गाडीखालचा लाल थेंब

सक्करदरा, नागपूर
कोजागिरीचा दुसरा दिवस

आदरणीय दत्तोपंत यांस,

मधुसूदनचा नमस्कार. एरवी वाकून करतो, या खेपेस ताठ उभ्यानंच करून राहिलो, कारण तुमच्या गाडीखाली जाऊन आल्यापासून माझी कंबर वाकायला तयार नाही. तुमची शुगर कशी आहे? अनिश आणि सूनबाई तुम्हाला गोडाला हात लावू देत नाहीत हे ऐकून बरं वाटलं. (वैदेही म्हणते, असं लिहू नका. पण वाटलं, त्याला मी काय करू?) बंगलोरची हवा मानवत असेल. इथे आम्ही सगळे ठीक. आता एवढं तर फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही "हं, पुढे?" "हं, पुढे?" करत राहता आणि मी नेमका पुढचं विसरतो. कागद बिचारा मुकाट्यानं ऐकून घेतो, म्हणून हे पत्र.

तर विषय गाडीचा. "दोन महिने तुमच्या अंगणात राहू द्या" म्हणून तुम्ही तुमची ती विलायती, आपोआप गिअर बदलणारी, हत्तीएवढी गाडी माझ्या दारात लावून गेलात, त्याला तीन दिवाळ्या होऊन गेल्या. यंदा गणपतीत तुमचा निरोप आला, की अमरावतीचे वामनराव, जुन्या गाड्यांचे मोठे शौकीन, कोजागिरीला गाडी पाहायला येणार. अट एकच. गाडीखाली तेलाचा थेंब दिसता कामा नये. दिसला की सौदा मोडला, आणि मग गाडी भंगारात. हे "भंगारात" तुम्ही इतक्या सहज म्हणालात की त्या रात्री मला जेवण गेलं नाही. गाडी माझी नाही, कबूल. पण तीन वर्षं रोज सकाळी तिच्या काचा मी पुसल्या आहेत हो! माणसाचा काही जीव लागतो की नाही? आणि गाडी तर थेंब टाकत होती. रोज, न चुकता, आणि तोही नेमका तुमची बहीण रांगोळी काढते त्या जागेवर. (ती शांत असली की मी तिला वैदेही म्हणतो. चिडली की ती तुमची बहीण असते.) "हे धूड एकदाचं काढा दारातून" हे वाक्य आमच्या घरात चहाच्या आधी होत असे.

थेंब नक्की कुठून येतो हे आधी आपण पाहावं, मग मेकॅनिक बोलवावा, असा मी शहाणपणाचा विचार केला. उताणा होऊन गाडीखाली सरकलो. जाताना गेलो, बाप्पा. येताना पोट अडकलं. आत गेलेलं पोट बाहेर येताना मोठं कसं होतं याचा विचार करायला मला भरपूर वेळ मिळाला, कारण तुमची बहीण मागच्या दारी धुणं वाळत घालून राहिली होती आणि माझ्या हाका तिला भाजीवाल्याच्या वाटल्या. शेवटी तिनं आणि शेजारच्या यमुताईंनी एकेक पाय धरून मला ओढून काढलं. यमुताईंनी ही हकिकत भजनी मंडळात सांगितली आहे. असो. तेल इंजिनाच्या ऑइल फिल्टरपाशी गळतं, एवढं मात्र मी पाहून आलो. तात्पुरतं म्हणून खाली एक परात ठेवली. ती पुरणाची परात होती हे मला नंतर सांगण्यात आलं.

मग आला अंकुश. सक्करदऱ्याच्या चौकात त्याचं गॅरेज आहे, आणि "मले गाडीचं नुसतं खोकणं आयकून समजते" असं तो स्वतःच सांगतो. त्यानं गाडीचं खोकणं ऐकलं, दोन ठिकाणी टकटक केलं आणि फिल्टर बदला म्हणाला. या गाडीचा फिल्टर म्हणजे काय शेंगदाणे आहेत, कोपऱ्यावर मिळायला? पण लकडगंजात देवराव म्हणून एक जुने दुकानदार आहेत, त्यांनी माळ्यावरून धुळीनं माखलेलं एक खोकं काढलं, त्यात निघाला. मी इतका हरखलो की खोकं छातीशी धरून रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं विचारलं, अस्थी आहेत का?

आणि इथेच घात झाला, दत्तोपंत. फिल्टर घरी आला तो दिवस खंडेनवमीचा. आपल्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा, हे तुम्हाला काय सांगायचं. पाटावर नेहमीची मंडळी मांडली होती: विळी, हातोडी, पाना, आमच्या मुग्धाचा लॅपटॉप. मनात आलं, सगळ्या गाडीचं नशीब ज्याच्या हाती, त्या फिल्टरलाच काहून वगळायचं? त्याला पाटावर मधोमध बसवला. आता फिल्टर म्हणजे गोल डबा. त्याला तोंड कोणतं ते कळेना. ज्या बाजूला भोक आणि भोवती रबराचं कडं, ते तोंड, असा मी निर्णय केला आणि तिथेच ओलं कुंकू आणि अक्षता वाहिल्या. सढळ हातानं वाहिल्या. वर ठेवलेलं झेंडूचं फूल मात्र आठवणीनं काढून घेतलं, कारण मी काही भैताड नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अंकुशनं फिल्टर बसवला, नवं तेल भरलं, गाडी सुरू केली. आधी थेंब होता, आता धार लागली. आणि धार कशी, तर लाल! अंकुशचा चेहरा असा पडला की मीच त्याला पाणी दिलं. म्हणाला, "काका, तेल लाल येऊन राहिलं. इंजनचं तेल लाल नसते. लाल म्हणजे आटोमॅटिकच्या गिअरचं. गेला तुमचा गिअरबॉक्स. आता याले देवच वाली." साध्या गाडीचा गिअरबॉक्स असता तर खोलला असता म्हणे, पण हा आपोआप चालणारा. हा खोलणारा एक माणूस रायपूरला आहे आणि तो मार्गशीर्षाशिवाय मोकळा नाही. कोजागिरी तर तोंडावर आलेली. मी पायरीवर बसलो. ती गाडी ट्रकवर चढून भंगाराला निघाली आहे, तिच्या मी पुसलेल्या काचा उन्हात चमकून राहिल्या आहेत, हे सगळं मला दिसायला लागलं आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. सेवानिवृत्तीच्या निरोपसमारंभातही आलं नव्हतं.

तेवढ्यात तुमची बहीण परात न्यायला आली. तिनं त्या लाल तेलात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, उजेडात धरून पाहिलं. म्हणाली, हे कसलं गिअरचं तेल? हे तर माझं कुंकू आहे, महाल भागातल्या दुकानातलं. मग माझ्याकडे पाहून एकच प्रश्न विचारला, अक्षता कुठे वाहिल्या होत्या? मी बोट दाखवलं. अंकुशनं फिल्टर उलटा फिरवून काढला. रबराच्या कड्यावर, जिथे ते इंजिनाला घट्ट बसायला हवं तिथे, चेपून पोह्यासारखा झालेला तांदळाचा एक दाणा! एक दाणा, दत्तोपंत. तेवढ्या फटीतून माझं कुंकू घेऊन सगळं तेल वाहत होतं. पहिला थेंब जुन्या फिल्टरचा होता, ही धार माझ्या भक्तीची. अंकुशनं कडं पुसलं, त्याला तेलाचं बोट लावलं, हातानं घट्ट बसवलं, आणि गळती बंद. "पुढच्या खेपेले पूजा बाहेरूनच करजा," एवढंच बोलून तो गेला. त्यानं लाल तेल पाहून गिअरबॉक्सचं मयत मांडलं होतं, त्याबद्दल मीही काही बोललो नाही.

मग ट्रायल. मी सुकाणू हाती घेतलं. आता या गाडीला क्लच नाही, हे डोक्याला माहीत आहे, पण डाव्या पायाला कोण सांगणार? तो सवयीनं क्लच शोधत गेला, त्याला ब्रेक सापडला, आणि त्यानं तो पूर्ण ताकदीनं दाबला. माझा चष्मा समोरच्या काचेवर जाऊन आपटला. अंकुशला बोलावून बसवलं, तर त्याचाही डावा पाय तसाच. दारातून फाटकापर्यंत जाईस्तोवर आम्ही दोघंही घोड्यावर बसल्यासारखे खालीवर झालो. पण शेवटी गाडी एकदाची चालली, आणि काय सुरेख चालली! (कोणी चालवली हा मुद्दा गौण आहे.)

काल दुपारी वामनराव आले. भला माणूस, पण सोबत पांढरीशुभ्र, इस्त्री केलेली चादर घेऊन आले. ती इंजिनाखाली अंथरली, गाडी सुरू ठेवायला सांगितली, आणि समोर खुर्ची टाकून चादरीकडे पाहत बसले. मीही बसलो. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत होतो पण पाहत चादरीकडे होतो. मध्येच चादरीवर काळा ठिपका दिसला. मी चष्मा काढून पुसला. मग तो ठिपका चालायला लागला. मुंगळा होता. शेवटी वामनरावांनी चादर उचलली, उन्हात धरली, आणि जशी आणली होती तशी घडी केली. थेंब नाही! मग गाडीतून तलावाला एक फेरी मारून आले आणि अगदी तृप्त झाले. गाडी घेतो म्हणाले, दिवाळीनंतर नेतो. भंगाराचं संकट टळलं. तुम्ही सोपवलेली कामगिरी माझ्या हातून पार पडली, याचं समाधान आहे.

वाचून झालं की पत्र अनिशला दाखवू नका, तो मला हसेल. चिरंजीवांना आशीर्वाद, सूनबाईंना माझ्यातर्फे सांगा की पाडव्याला तुम्हाला अर्धा पेढा द्यायला हरकत नाही.

तुमचा,
मधुसूदन

ता. क. वर गौण म्हटलेला मुद्दा तितकासा गौण नाही. ट्रायल वैदेहीनं घेतली. मी आणि अंकुश डाव्या पायाशी झुंजत होतो तेव्हा ती म्हणाली, सरका जरा. तिनं आयुष्यात कधी काही चालवलेलं नाही, त्यामुळे तिच्या डाव्या पायाला कसलीच सवय नाही. तो गुपचूप बसून राहिला आणि गाडी लोण्यासारखी निघाली. परवान्याशिवाय कसं, म्हणून मी ओरडलो, तर शिकाऊ परवाना तिनं श्रावणातच काढून ठेवलेला! "हे धूड काढा दारातून" म्हणजे बाहेर काढा, रस्त्यावर काढा, असं तिचं म्हणणं होतं म्हणे. आता हे माणसानं ओळखावं तरी कसं?

आणखी एक ता. क. वामनरावांनाही तिनंच फिरवून आणलं, मी शेजारी होतो. परत आल्यावर वामनराव उतरले, मी उतरलो. ती उतरलीच नाही. दोन्ही हात सुकाणूवर ठेवून नुसती बसून होती. तिला असं खूश मी फार वर्षांत पाहिलेलं नाही. तेव्हा दत्तोपंत, हे सगळं रामायण ज्यासाठी लिहिलं ते आता सांगतो: गाडी विकू नका. इथेच राहू द्या. वामनरावांना तुम्हीच कळवा, मी भिडस्त माणूस आहे. आणि मी असं लिहिलं हे वैदेहीला सांगू नका, अजून मी तिच्यापुढे जरा कडक राहिलेलो आहे.

दादा,
हे पत्र पेटीत टाकायला मीच निघाले, म्हणून वाचून घेतलं. हे विनंती करून राहिले, मी करत नाही. वामनरावांना मी सकाळीच फोन करून नाही म्हणून सांगितलं. बिचारे म्हणाले, मला काल दुपारीच कळलं होतं.
तू सायकल शिकत होतास तेव्हा कॅरिअर धरून मागे कोण धावत होतं रे? तुला तोल आला आणि तू वळून न पाहता निघून गेलास. माझी पाळी यायची होती. बाबा म्हणाले, मुलीच्या जातीला कशाला. तेव्हा मी रडले नव्हते. काल तलावाला वळसा घालून आले आणि मग रडले, यांना वाटलं घाम पुसते आहे.
दिवाळीला ये. स्टेशनवर घ्यायला मी येते. पुढे माझ्याशेजारी हे बसतात. तू मागे बस.
वैदेही