माडाखालच्या दोन कॅरव्हॅन

एडवण, वाडीतून

चि. नीलेश यास रखमाताईचे पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? (गोळ्या खातोस, की देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहतोस?) आम्ही इथे सगळे बरे आहोत. आजारी पडली ती तू आमच्या अंगणात ठेवलेली नवी कॅरव्हॅन.

गेल्या आठवड्यातल्या वाऱ्यात दोन नारळ पडले, एक आमच्या जुन्या कॅरव्हॅनच्या टपावर आणि एक तुझ्या नवीच्या. (माडाखाली लावू नकोस म्हटलं होतं, पण तुला सावली हवी होती!) आमची म्हणजे तुझ्या भावोजींनी बोईसरच्या भंगारातून आणलेलं ते म्हातारं धूड, लाकडी सांगाडा आणि वर पत्रा. त्यांनी आतली फळी काढली, कुजलेली पट्टी बदलली आणि लाकडी हातोड्याने ठोकत ठोकत पोचा असा वर आणला की जेवणाआधी टप सरळ. जन्मभर कारखान्यात पत्रे ठोकलेला माणूस, अंगात वारंच शिरलं. हात धुवायचे सोडून तोच हातोडा घेऊन तुझ्या गाडीत घुसले.

तुझ्या गाडीला पोचा नव्हताच, तडा होता. यांनी आतून दिला ठोका. तडा होता तिथेच राहिला, आतलं छत खाली आलं आणि वरून टप पुरीसारखा फुगला. मी हसले. (तू असतास तर अंगणात लोळला असतास.)

शेवटी होड्यांना फायबर लावणाऱ्या केतनला बोलावलं. तो म्हणाला, "काका, हा फायबर हाय, याला मारायचा नाय. याच्या पोटात पत्रा नाय, नुसता फोम हाय." त्याने फुगलेलं कापलं, घासलं, होडीसारखे फायबरचे थर चढवले. आता पांढऱ्यात थोडं वेगळं पांढरं दिसतं, पण त्या कमरेने तू टपावर थोडाच चढणार आहेस!

तुझी ताई,
रखमा

ता.क. हे फोनवर सांगता येईना, तुझे भावोजी कान टवकारून बसतात. त्या दिवसापासून हातोडा माळ्यावर टाकलाय आणि "आता आपलं काम संपलं" म्हणत ओटीवर बसून असतात. माझं हसणं लागलंय रे त्यांना, आणि मला ते बघवत नाही. रविवारी ये. येताना स्कूटरचं मडगार्ड मुद्दाम कुठेतरी आपटून आण, आणि भावोजींशिवाय कुणाला जमणार नाही असं म्हण.

ता.क. दुसरा. नीलेश, मी रामनाथ. पाकीट चिकटवायला हिने माझ्याकडेच दिलं. मडगार्ड आपटू नकोस, तुझ्या स्कूटरचं प्लास्टिकचं आहे, फुटेल. घरातला एखादा पोचा पडलेला हंडा आण. आणि मी हे वाचलंय ते हिला सांगू नकोस. हातोडा आजच खाली काढून ठेवतो.