मी यांना ओळखते

२ सप्टेंबर
नोकरी मिळाली. अकरा कार्यालयांनी माझं वय पाहून चहा पाजला आणि दारापर्यंत पोचवलं. बाराव्या वकीलसाहेबांनी मात्र टेबल दाखवलं. अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवून त्रेपन्नाव्या वर्षी मी वकील झाले. टेबल खिडकीशी आहे. एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठा सरकवला. समोर अशिलांचं बाकडं. घरी भाचीने विचारलं, मावशी, न्यायाधीशांनाही अंगठे धरायला लावणार का? चुकले तर लावीन, म्हटलं.

५ सप्टेंबर
प्रतिज्ञापत्राच्या तळाशी वकिलाने लिहून द्यायचं असतं : सही करणाऱ्याला मी ओळखते, सही माझ्यासमोर झाली. इथे असे कागद गठ्ठ्याने येतात, माणसं येतच नाहीत. कारकुनाला विचारलं, माणसं कुठेत? तो म्हणाला, बाई, माणसं बघत बसलो तर जेवायचं कधी? शाळेत गैरहजर मुलाला मी कधी हजर मांडलं नाही. आज चौदा सह्या केल्या.

९ सप्टेंबर
सकाळपासून बाकड्यावर एक म्हातारी बसून आहे. अंगावर राखाडी शाल, पाय अनवाणी. काय काम आहे विचारलं. ती म्हणाली, तू तर मला ओळखतेस, मग तूच सांग की. कारकुनाला हाक मारली. तो म्हणाला, बाकड्यावर तर कुणीच नाही.

१० सप्टेंबर
ते चौदा कागद पुन्हा काढले. नववा : 'मी स्वखुशीने माझं घर पुतण्याला देऊन सोडत आहे.' कडेला फोटो. तीच. कारकून आवाज खाली आणून म्हणाला, ती तर सहीच्या महिनाभर आधीच वारली होती, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. साहेबांकडे गेले. कोर्टाला खरं कळवायचं तर जरूर कळवा, म्हणाले, पण वकिलीची सनद जाईल तुमची.
कळवलं नाही. फार उशिरा मिळाली आहे ती सनद.

११ सप्टेंबर
म्हातारी उठून टेबलाशी आली. शेवटचं विचारते, म्हणाली, ओळखतेस मला? मी कागदात डोकं घातलं. बरं, म्हणाली. मग तुलाही कुणी ओळखायचं काही कारण नाही.

१२ सप्टेंबर
कारकून मला म्हणाला, तिकडे बाकड्यावर बसा, बाई. कोणाची केस आहे? आधी थट्टा वाटली. मग साहेब आले, माझ्या खुर्चीकडे पाहिलं आणि त्याला म्हणाले, ही जागा किती दिवस रिकामी ठेवणार?

१३ सप्टेंबर
भाचीने दार उघडलं. कोण हवंय, म्हणाली. मी नाव सांगितलं. ती आत वळून म्हणाली, मावशी, बघ गं कोण आलंय, तुझंच नाव सांगतायत.
आतून ती बाकड्यावरची म्हातारी आली. माझा चष्मा. माझ्या चपला. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, सावकाश. मी यांना ओळखत नाही, म्हणाली. आणि दार—

१६ सप्टेंबर
बाकडं. पाय अनवाणी, चपला कधी गेल्या— चौकीत, कोर्टात, सगळीकडे एकच उत्तर. ओळखणारं माणूस आणा. एकच पुरे. एक—

१७ सप्टेंबर
माझ्या टेबलाशी नवी मुलगी. पुठ्ठा तिनेही सरकवला. कारकुनाने गठ्ठा आणून ठेवला. वरून तिसरा माझ्या नावाचा, मी वाचला : 'मी स्वखुशीने माझं घर सोडत आहे.' सही माझ्यासारखी. माझी नाही.
माणूस कुठाय, तिनेही विचारलं. तो हसला. तिने पेन उघडलं.
मान वर कर, मुली. मी समोरच आहे. एकदा बघ. न बघता सही केलीस तर— तुझा पत्ता ऐकलाय मी. तुझी आई दार उघडेल, आणि आतून मी—
पहिली झाली.
दुसरी—