दोघांनी तपासलेली नक्कल

मामू,

सलाम. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, त्यामुळे हे पत्र टाकायला पत्ता नाही. तरी कळवते: वारसाहक्काच्या जुन्या हस्तलिखितावरचा आपला लेख आज इस्लामी अभ्यासाच्या नियतकालिकाकडे पाठवला.

हस्तलिखितावरून उतरवलेली नक्कल तपासायची आपली रीत आठवते? मी मोठ्याने वाचायचे, तुम्ही मूळ पानावर बोट ठेवून ऐकायचात. चूक झाली की बोट टेबलावर आपटायचं.

"पोरी, कॉलेजात शिकलीस, की कॉलेजच्या भिंतीला टेकून आलीस?"

"आधी चष्मा पुसा, मग बोला."

निम्म्या वेळा तुमचंच बरोबर निघायचं. बरं, निम्म्याहून जास्त.

शेवटची पानं एकटीने तपासली. माझंच वाचन फोनमध्ये भरलं आणि बोट फिरवत ऐकलं. एक ओळ गळलेली सापडली, तेव्हा टेबलावर बोट मीच आपटलं. त्या दिवशी पुढे काम झालं नाही.

लेख कोणाचा, ते परीक्षकांना कळू द्यायचं नसतं. म्हणून तुमचे आभार काढावे लागले. लेक म्हणाली, "अम्मी, लेख स्वीकारला की नाव परत घालता येतं." ठाऊक आहे मला. तरी हात अडला.

एक वाक्य मात्र ठेवलं: "नक्कल दोघांनी मिळून तपासली, शेवटची अकरा पानं एकीने." खोटं तुम्हाला खपलं नसतं. तुम्ही कोण, ते परीक्षकांना कळणार नाही. कुठल्या पानावर उठून गेलात, ते कळेल.

तुमची,
भिंतीला टेकून आलेली भाची