आढीतला काळा चष्मा

अण्णा, काल दादाने मला डोळे दाखवायला नेलं. डॉक्टर नवा, तरुण. म्हणाला, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी असतात, तुमच्या घराण्यात त्या एकेक करून मरतात. गेलेल्या परत यायच्या नाहीत, उरलेल्या जपायच्या. त्या जगवणारी औषधं शोधताहेत म्हणे, तोवर उन्हात गडद चष्मा. तुमचा आजार माझ्या वाट्याला आला, दादाला शिवलासुद्धा नाही. बाहेर येऊन त्याने रस्त्यापलीकडची पाटी सहज वाचली आणि या वयातही माझ्या पोटात दुखलं.

लहानपणीही दुखायचं. दिवेलागणीला तुम्ही खांबावर आपटायचात, मी उंबऱ्याला अडखळायचे. तुम्ही ओळखलंत आणि मुंबईहून माझ्यासाठी काळा चष्मा मागवलात. दादाच्या हातात आंबे उतरवायची घळ देऊन त्याला कलमावर चढवायचात, मला चष्मा लावून सावलीत बसवायचात. मला वाटायचं, लाडका तो, मी झाकून ठेवायची वस्तू. एका दुपारी आढीच्या खोलीत गेले, पिकत घातलेल्या आंब्यांखाली गवतात चष्मा खुपसला आणि दादाने हरवला म्हणून सांगितलं. गड्यांदेखत तुम्ही त्याच्या थोबाडीत दिलीत. त्याने माझ्याकडे बघितलं आणि घळ उचलून कलमाकडे गेला. मला बरं वाटलं हो, खोटं कशाला सांगू.

चार दिवसांनी आढी परतून तुम्ही बाहेर आलात आणि मला म्हणालात, "आजपासून आढी तू बघायची. तुझ्या हातांना दिसतं." मी फुगून बसले. त्याला झाड आणि मला अंधारी खोली. त्याच आठवड्यात दादाला सायकल आणलीत, त्या दिवशी मी जेवले नाही. पुढे गवत उपसून बघितलं तर चष्मा नव्हता. उंदरांनी नेला असेल म्हटलं. केवढी मी शहाणी! तेव्हा आढीत तुमच्याशिवाय हात कोण घालत होतं? काल दादाने नवा चष्मा स्वतः माझ्या नाकावर बसवला, तेव्हा कुठे हे डोक्यात आलं. सायकल कशाची भरपाई होती, तेही.

आत्ता लिहिलेलं मला धड वाचता येत नाही, ओळी एकमेकींवर चढल्या असतील. मघाशी दादाने विचारलं, काय लिहितेस. म्हटलं, सामानाची यादी. दे, आणून टाकतो, म्हणाला. दिली नाही. घडी घालून आढीत तळाशी खुपसणार आहे. आता तुमच्यामागे ती परतणारं माझ्याशिवाय कोणी नाही.